दिवाळ्याच्या जेट्टीवर

समाजमंदिरात शिबिर. चांगुणाबाई काट्यावर चढली
कनवटीची चिल्लर काढून ठेवून:
"पैशांचा वजन माजे नावावर नको."

अडुसष्ट किलो. उंची एकशे बावन्न.
मी भागलं, उंचीनं, दोनदा.
"दोनदा कनाला?"
खरं तर मलाही कुणी नीट सांगितलं नव्हतं.

एकोणतीस आला आकडा. तेवीसच्या आत हवा, म्हटलं,
साखर, रक्तदाब, गुडघे...
ती हसली. "वजनानी काय कलतं?
दोन सुरमया सारक्याच भरतान,
एकीन गाबोली, एकीन बरफाचा पानी."

म्हणून टेप काढली. कमरेला लावताच
पोट आत ओढून उभी राहिली,
चाळीस वर्षांत पारड्याला
अंगठा न लावलेली बाई.

"मावशी, श्वास सोडा."

जेट्टीकडे बघत राहिली.
मीही टेप धरून.