सेंटरिंग

कुपवाडच्या एमआयडीसीत, मसाल्याच्या गिरणीला लागून आमची शेड.
हळदीची पूड खिडकीच्या जाळीत अडकते,
म्हणून आत जाताना हात दोनदा धुतो, टोपी बदलतो.
आत आम्ही विरघळणाऱ्या वस्तू बनवतो.

हृदयाच्या मधल्या पडद्याला जन्मतः राहिलेलं भोक,
त्याच्या दोन्ही अंगांना बसतील अशा दोन चकत्या,
मध्ये तांदळाच्या दाण्याएवढी कंबर.
सदऱ्याच्या गुंडीसारखं, असं आईला सांगितलं.
"मग काज कोण करतं?"
काज आधीच आहे, म्हटलं. तेच तर दुखणं.

मांडीच्या शिरेतून, नळीत मिटून जाते ती,
आत पोचली की उघडते.
आजवर धातूची बसवतात. चांगली बसते.
पण पोर वाढतं,
धातू वाढत नाही.

अण्णा सेंटरिंगची कामं घ्यायचे.
बांबू, फळ्या, काळं तेल, ओठांत धरलेले खिळे.
आमच्याकडे स्लॅब पडला म्हणजे भरला, पेढे वाटायचे.
बुधगावात एकदा मालकाच्या घाईनं
नवव्या दिवशी टेकू काढले,
तेव्हा पडला म्हणजे पडला.
खाली माणूस नव्हतं. एक सायकल होती.
त्यानंतर अण्णा भिंतीवर कोळशानं दिवस मांडायचे
आणि एकवीस रेघा झाल्याशिवाय
मालक असो नाहीतर मालकाचा बाप,
हातोडा उचलायचे नाहीत.

माझंही काम तेवढंच. किती दिवस.
उसाच्या साखरेतून आंबवलेलं आम्ल, त्याची लांब साखळी,
तिच्या कड्या रक्ताच्या ओलीत एकेक सुटत जातात.
लवकर सुटल्या, तर बुधगाव.
सुटल्याच नाहीत, तर धातू काय वाईट होता?
डॉक्टर मगदूम म्हणतात, सहा महिन्यांत वरून पापुद्रा धरतो,
तोवर उभं राहायचं. मग सावकाश निघायचं,
तुकडा न पाडता.
रेहाना नायकवडी साच्याचं तापमान अंशभर हलवते
आणि सगळं दीड महिना पुढे सरकतं.
वहीत आता एकशे बारावा नमुना आहे.

जत तालुक्यातून, माडग्याळहून मेंढ्या आणल्या,
कमानदार नाकाच्या, उंच, तांबूस ठिपक्यांच्या.
एकोणीस नंबरच्या हृदयाला भोक नव्हतं.
ते आधी आम्ही पाडलं,
मग बुजवलं.
बिराप्पा हुबाळे दर अमावास्येला फोन करायचा,
"चरती का?"
चरते, म्हणायचे मी. खरंच चरायची.
अठरा महिने चरली, त्यात एकदा व्याली.
मग कागदावर आधीपासून लिहिलेला दिवस आला.
त्या अमावास्येला मी फोन उचलला नाही.

मगदूमांनी पडदा दिव्यासमोर धरला.
मी आमची वस्तू शोधत होते.
चकती नाही, कंबर नाही, कडसुद्धा नाही.
फक्त एक जागा बाकीच्याहून जराशी पांढरी,
उकडलेल्या अंड्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी.
रेहानाच्या डोळ्यांत पाणी आलं.
कशाचं, ते विचारलं नाही.

रात्री अण्णांना फोटो दाखवला.
त्यांनी चष्मा पुसला, मोबाइल लांब धरला.
"स्लॅबला खालनं फळीचा ठसा ऱ्हातो, पोरी.
नाव कुणी लिवत न्हाई आपलं, पर ठसा ऱ्हातो.
तुजा कुठाय?"
मी बोट ठेवलं.
त्यांना दिसला नाही.
खरं तर मलाही पुन्हा सापडेना.

मंजुरीच्या अर्जात, सतराव्या पानावर एक रकाना आहे:
तीन वर्षांनंतर शरीरात उरणारे अवशेष.
मी लिहिलं, निरंक.
शाई वाळेपर्यंत बघत बसले.

बिराप्पाला फोन करायचा राहिलाय.