काणा पाहुणा

मुरगावच्या बंदरात, खनिजाच्या मोठ्या बोटीवरून
दोरीच्या टोपलीत बसून तो खाली उतरला
बाबांच्या बार्जवर.
जपानी आचाऱ्याला सोलांची पुडी वर पाठवली होती,
तिची ही परतफेड:
नारळाएवढा, तांबडा, कागदाच्या लगद्याचा.
हात नाहीत, पाय नाहीत, मिशा मात्र सरदाराच्या,
आणि डोळ्यांच्या जागी
दोन पांढऱ्या रिकाम्या थाळ्या.

आचाऱ्याने खुणांनीच सांगितलं म्हणे:
मनात काही धर, एक डोळा काढ.
झालं की दुसरा.
मग डेकवर मांडी घालून दाखवलं,
हा बुवा भिंतीकडे बघत बसला होता
पाय झडेपर्यंत.

कुठ्ठाळीला पोचायच्या आत बाबांनी
बार्जच्या डांबराने डावा डोळा काढला.
काय मागितलं, कुणाला बोलले नाहीत.

आई म्हणाली, "काण्याचें तोंड सकाळीं फुडें नाका."
टीव्हीच्या वरच्या फळीवर,
शांतादुर्गेच्या तसबिरीपासून हातभर लांब,
त्याला भिंतीकडे वळवून ठेवला.
त्याला ती सवय होतीच.

आम्ही त्याला पाठीवरूनच ओळखायचो.
झाडताना फडक्याचा फटका बसला की लवंडायचा,
उठायचा,
डुलता डुलता चुकून घरात बघायचा.
आई पुन्हा वळवायची.

खाणी बंद झाल्या. बार्ज जुवारीच्या चिखलात
गंजून त्याच्याच रंगाचा झाला.
दिवाळीत शेजारची पोरं आली,
नरकासुराच्या पोटात भरायला जुनं काही द्या म्हणत.
आईने रद्दी दिली, फुटकी सुपं दिली.
फळीकडे बोट गेलं त्यांचं, तेव्हा म्हणाली,
"तो आसूं दी."

परवा मडगावात बाबांचा मोतीबिंदू काढला.
उजव्या डोळ्यावर पट्टी लावून
रिक्षातून उतरले, सोप्यावर बसले.
आईने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा आत फळीकडे,
आणि हसत सुटली,
ठसका लागेपर्यंत.

मग त्याला आणून त्यांच्या पुढ्यात ठेवला,
तोंडासमोर तोंड.
काजळाची डबी उघडली, करंगळी बुडवली.
"जालें मरे तुमचें मागणें?"

बाबा त्या एका डोळ्याकडे
एका डोळ्याने बघत राहिले.
"कितें मागिल्लें, तेंच याद ना."

करंगळी तशीच हवेत.
शेवटी पळत जाणाऱ्या माझ्या मुलीला धरून
आईने ती तिच्या कानामागे पुसली.

त्याला फळीवर परत ठेवला.
वळवायचा राहिला.