दार आस्ते

तेहरानमध्ये टॅक्सीला नुसता हात करून भागत नाही.
कडेला उभं राहायचं, गाडीचा वेग किंचित उतरला
की काचेच्या फटीत एक शब्द टाकायचा: मुस्तकीम.
म्हणजे सरळ. नाकासमोर.
परवडलं तर ड्रायव्हर थांबतो,
नाहीतर शब्द सांडतो
रस्त्याकडेच्या पाटात, चिनारांच्या मुळांशी.

माझे सहा सांडले.
सातव्याला एक पिवळी गाडी थांबली.
मागे दोघं आधीच, तिसरी मी,
मांडीवर पंपांच्या तपासणीची फाईल,
डोक्यावरचा रुमाल सारखा मागे घसरणारा.
दार ओढलं आपल्या सवयीनं, धाडकन.
"आहेस्ते, खानुम! दर, आहेस्ते!"
दचकलेच.
परक्या शहराच्या भर चौकात
कुणीतरी मला मराठीत रागावलं होतं.

मग कान टवकारून बसले.
कागज. बाजार. हवा. दूर. खराब.
शेजारणीच्या फळीवर आपली भांडी दिसावीत तसे शब्द,
नाव कोरलेलं नाही, पण पोचा ओळखीचा.
खरं तर नेली होती आपणच,
परत करायची राहून गेली.

फरामर्ज आगा म्हणाले, दोन हफ्ते गाडी बंद होती.
मी म्हटलं, हो ना, हप्ते थकले की बँक ओढून नेतेच.
शेजारची हेंगामे, दंतवैद्यकीच्या दुसऱ्या वर्षाला,
आमच्या मधोमध इंग्रजीचे टाके घालत बसलेली.
हसताना तिचा एक टाका उसवला.
हफ्ता म्हणजे आठवडा.
गिअरबॉक्स गेला होता बिचाऱ्यांचा.

नाव?
पारसनीस.
सिग्नलला त्यांनी पूर्ण मान वळवली.
फार्सी-नवीस? फारसी लिहिणारी?
पुढच्या सीटवरचे पेंगुळलेले आजोबासुद्धा जागे झाले.
कागद आला, पेन आलं.
बेनवीस! लिही!

आता काय सांगायचं.
कुठल्याशा दरबारात कुणी एक पूर्वज
खलिते लिहून पोट भरत असणार.
त्याच्या बोटांतलं माझ्यापर्यंत पोचलं ते
रेशनकार्डावरचं आडनाव तेवढं.
मला तर इथला पाचाचा आकडासुद्धा
उलटा बदाम दिसतो.
कागद कोराच परत केला.
हेंगामेनं त्याचं भाषांतर केलं नाही.

एकेक जण उतरत गेला. तीही,
जाताना कानात सांगून:
तीनदा नको म्हणतील, तुम्ही तीनदा द्या.

आगांनी लाईन सोडून गाडी गल्लीत घातली,
हॉटेलच्या पायरीपर्यंत.
किती झाले?
काबेल नदारे.
म्हणजे, तुमच्यापुढं पैशाचं काय एवढं.
हे मात्र मला येतं. बिलावर झडप घालणाऱ्या
घराण्यातली मी.
अहो, घ्या हो.
काबेल नदारे.
असं कसं, घ्याच.
तिसऱ्यांदा त्यांनी छातीवर हात ठेवला
आणि हळू आवाजात म्हणाले,
शोमा ईंजा गरीबीद.

गरीब?
पर्समधला हात तिथंच राहिला.
अंगावर बरी साडी नसली तरी बरा कोट होता.
आठ दिवसांचा भत्ता होता, उसना नव्हता.
नोटा सीटवर ठेवल्या, जरा जोरातच.
त्यांनी त्या उचलल्या, शांतपणे मोजल्या,
मग ओशाळं हसून
हवेत बोटानं एक गोल काढला.
एक शून्य कमी पडत होतं.
तोमान आणि रियाल, माझाच घोळ.

उरलेले दिले. उतरले.
दार लावलं इतकं आस्ते
की ते लागलंच नाही.
त्यांनी आतून वाकून
पुन्हा उघडलं,
आणि स्वतःच आपटलं. धाडकन.

रात्री काउंटरवरच्या मुलाला विचारलं.
गरीब म्हणजे परकी, तो म्हणाला,
आपल्या माणसांपासून लांब आलेली. बस्स.

आमच्याकडे येईपर्यंत
वाटेत कुठंतरी
त्या शब्दाचे पैसे संपले असतील.