नापास माल

पडद्याआड बोग्ना विचारते, "बाई, साइज काय तुमचा?"
आणि मला उत्तर येत नाही.

मला. जिने सत्तावीस वर्षं
वूच शहरातल्या लाल विटांच्या कारखान्यात,
सहाव्या रांगेतल्या तिसऱ्या मशीनवर
एकच काम केलं:
कपाखालच्या बोगद्यात तार सरकवायची,
दोन्ही टोकांना आडवा टाका मारायचा,
की पुढची.
दिवसाला साडेचारशे. शनिवारी थोड्या कमी.

मापाचं जे होतं ते दुकानांत जायचं.
आम्हाला मिळायचा नापास माल.
एक पट्टा आखूड, लेस उलटी लागलेली,
डावा कप एका नंबरचा, उजवा भलत्याच.
नाताळच्या आधी पेटी उघडायची
आणि जिच्या हाताला जे लागेल ते तिचं.
"फुकट ते पौष्टिक," तेओफिला म्हणायची
आणि दोन साइज लहान ती वर्षभर घालायची.
संध्याकाळी ट्रामच्या थांब्यावर
कोटाच्या आत हात घालून, हळूच,
बरगडीत रुतलेली तार एक बोट खाली ओढायची.
आम्ही सगळ्याच ओढायचो.
थांब्यावर आठ बायका, आठही जणींचा हात छातीशी,
जणू सगळ्यांना एकदमच कुणीतरी आठवलंय.

बोग्नाचे हात गार आहेत,
ती आधी ते एकमेकांवर चोळते.
मग पट्टी पाठीमागून पुढे आणते.
"श्वास सोडा. पूर्ण."
मी सोडते.
ती थांबते. "अजून आहे आत."

होता.

बरगडीवरचा तपकिरी वळ तिला दिसतो,
जुन्या शिवणीसारखा, आता न उसवणारा.
ती काही बोलत नाही.
जाऊन तीन ब्रालेट घेऊन येते.

पहिली देखणी. पण हात उचलला
की मागचा पट्टा मानेकडे चढायला लागतो.
"सगळा भार खांद्यांवर आला," बोग्ना म्हणते,
"ओझं खालच्या पट्ट्यानं उचलायचं असतं."
(हे तिनं माझ्या नवऱ्याला सांगायला हवं होतं.)
दुसरी मऊ. इतकी मऊ की काही धरतच नाही,
नुसती हो ला हो म्हणते.
तिसरी मी घालण्याआधी उलटी करते.
सवय. अस्तर बघते.
शिवण चपटी, कुठे दोरा सुटलेला नाही,
काखेखाली जाळी दुहेरी.
मग कपाखाली बोटानं चाचपते,
बोगदा नाहीच.
माझं काम जिथे असायचं
तिथे नुसतं कापड.

मला वाटलं होतं, वाईट वाटेल.

"सगळ्यात बाहेरच्या हुकाला लावा,
इलॅस्टिक सैलावेल, तेव्हा आतले हूक आहेतच.
दोन बोटं जातात खालून? तीन नकोत.
आता वाका. उठा. हात वर.
छताचा दिवा बदलायचाय समजा."
मी दिवा बदलते.
पट्टा जागचा हलत नाही.
आरशात सहासष्ट वर्षांची एक बाई, दोन्ही हात वर,
कुणी बंदूक रोखल्यासारखी,
आणि हसतेय.

बोग्ना चिठ्ठीवर लिहून देते:
एक आकडा, एक अक्षर.
या मापाच्या मी किती हजार शिवल्या असतील,
आणि त्यातली एकही मेली
नापास झाली नाही!

थांब्यावर हात आपोआप कोटात गेला.
ओढायला काही नव्हतं.
तसाच राहू दिला, ट्राम येईपर्यंत.
आत ऊब होती.

रात्री जुन्या ब्राच्या टोकाचा टाका उसवला.
माझाच असेल, सांगता येत नाही, पण घट्ट होता.
दोन्ही तारा निघाल्या, वाकलेल्या,
कुणाच्या तरी बरगड्यांच्या आकाराच्या.
बाल्कनीत टोमॅटोचं रोप एका अंगाला कललंय,
त्याला आधार म्हणून एक खोचली.
तेओफिला असती तर म्हणाली असती,
"अगं, त्याचं माप तरी घेतलंस का आधी?"