दोन्हीकडून लिहिलेली वही

पतसंस्थेनं दिवाळीला दिलेली डायरी.
पुढून हप्ते, मागून पक्षी.

पुढच्या पहिल्या पानावर: हप्ता एक, नऊ हजार आठशे चौतीस.
मागच्या पहिल्या पानावर: खंड्या, एक,
आयर्विन पुलाजवळच्या तारेवर, सकाळी सहा चाळीस,
दूध आणायला गेले होते.

चार लाख. साठ हप्ते.
पुरात बाहुबलीच्या दुकानातली
दोन झेरॉक्स मशिनं बसली, तेव्हाचं हे.
चिखल काढताना तो म्हणाला होता,
कागद तेवढे माळ्यावर ठेवले होते बघ.
कोरे कागद.

मी पिग्मी गोळा करते.
मार्केट यार्डात हळदीनं पिवळ्या पडलेल्या
वीस-वीसच्या नोटा.
शमा नदाफ गादीच्या कापसातून हात काढून
पन्नास देते, लेकीच्या नर्सिंगसाठी म्हणते.
बसाप्पा हमाल रोज विचारतो, किती झाले?
मी सांगते. त्याची मान
तेवढ्याच रुपयांनी वर होते.
माझे किती राहिले
हे कुणी विचारत नाही. बरंच आहे.

संध्याकाळी पाच ते सहा.
हा एकच तास, आणि त्याचे तीन मालक.
आक्का सूर्यास्ताआधी जेवतात,
भाकरी तव्यावरची लागते.
व्यापारी गल्ला उघडून बसतात तेव्हाच हात सैल सोडतात.
आणि हरिपूरच्या वाटेवरच्या चिंचांवर
पाखरं त्याच वेळी परततात,
दुसरी वेळ देत नाहीत.
बहुतेक दिवस भाकरी जिंकते.

दुर्बीण जुन्या बाजारात घेतली, अकराशेला,
डाव्या भिंगाला बुरशी.
तीन महिने पिठाच्या डब्यामागं होती.
सापडली तेव्हा बाहुबली काही बोलला नाही,
ती घेऊन गच्चीवर गेला.
बऱ्याच वेळानं खाली येऊन म्हणाला,
"बँकेचा बोर्ड दिसतोय गं. हितनंसुद्धा."
हसलो दोघंही.
अकराशे कुठून आले
ते त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

सतराव्या हप्त्याला अंगठी.
तेविसाव्याला श्रेणिकची सहल.
तो म्हणाला, पन्हाळा बघितलाय की मी.
बघितला नव्हता.
त्या आठवड्यात मागच्या बाजूला
मी एकही पक्षी लिहिला नाही.
त्यानंच लिहिला, वाकड्या अक्षरात:
कावळा. दोन. आमच्या टाकीवर.
कावळा पण पक्षीच असतो ना?

आता मधे चारच पानं कोरी आहेत.
परवा पाच तारीख, हप्ता अठ्ठावन्न.

काल आक्काच म्हणाल्या,
चारलाच वाढ आज मला,
मग जा कुठं जायचंय ते.
कुठं जायचंय हे त्यांना कसं कळलं, कोण जाणे.
यार्डातली चार दुकानं उद्यावर ढकलली,
स्कूटर हरिपूरच्या अलीकडं लावली,
आणि ज्वारीच्या रानावर
भोरड्या आल्या होत्या.

आधी धूर वाटला. मग धूर वळला.
सवयीनं मी शंभर-शंभरचे गठ्ठे पाडायला लागले
आभाळात;
गठ्ठे सुटले, एकमेकांत मिसळले,
पुन्हा पाडले, पुन्हा सुटले,
आणि मला, दिवसाला नऊशे नोटा मोजणाऱ्या बाईला,
बेरीज चुकल्याचं भ्यावं वाटलं नाही.
खाली नदी गपगार,
जणू तिनं कधी कुणाचं काही नेलंच नाही.

घरी येऊन लिहिलं:
भोरड्या. हरिपूर. संख्या
आणि पेन तिथंच थांबलं.
पुढच्या बाजूला एकही रकाना
मी रिकामा सोडलेला नाही.
श्रेणिक खांद्यावरून वाकून बघत होता.
म्हणाला,
"लिही की. उधार."