पाव फेरा

सुकाणूची कांब गोणपाटात गुंडाळून
दुर्गेश तांडेल अणशीचा घाट चढून
उद्यमबागेत आला, माझं शटर वर जायच्या आत.

"चाक फिरवतो," म्हणाला, "तर पहिला पाव फेरा
नुसता फुकट. होडीला कळतच नाही.
शीड भरलेलं, खडक समोर,
आणि मी आपला फिरवतोय."

वर्नियर लावला. बुश खाल्लेला, दीड सूत,
तोही एकाच अंगानं.
म्हटलं, कायम डावीकडंच वळत होतास की काय गा?
"बंदर डावीकडं आहे."

गनमेटलचा तुकडा चकात धरला.
माझी लेथ बत्तीस वर्षांची,
तिच्या हँडललाही तसाच खेळ:
जरा जास्त मागं घ्यायचं, मग पुढं यायचं,
तेव्हा कुठं टूल हलतं.
कुणी शिकवलं नाही. मनगटाला ठाऊक.
मल्लेश बसला की माप चुकतं,
मग तो कन्नडात मशीनला शिव्या घालतो,
मी मराठीत त्याला.

समुद्र मी एकदाच पाहिलाय,
वऱ्हाडाच्या गाडीतून, तोही झोपेत.

"गच्च बसवू?"
"नको. मीठ धरतं ते. केसभर सोड."
केसभर म्हणजे किती,
ते त्यानं चिमटीत धरून दाखवलं.
चिमटीत काहीच नव्हतं.

तेवढंच सोडलं.
बिलबुक कन्नडात छापलेलं; होडीचं नाव
मी मराठीतच घातलं. त्यानं वाचलं नाही,
कांब खांद्यावर घेतली आणि
हातातल्या हातात
एकदा फिरवून बघितली.