शेडकार्डावरच्या चिठ्ठ्या

डिचोलीच्या बसस्टँडमागे, चष्म्यांच्या दुकानावर
माझं पार्लर. जिना अरुंद, पंखा एकच.
कंपनीच्या शेडकार्डावर आखूड बटा टाचलेल्या,
खाली नावं: चेस्टनट, महॉगनी, ऑबर्न.
चेस्टनट इथं कुणी खाल्लंय?
मी नावांवर चिठ्ठ्या डकवल्या.
एकीवर लिहिलं, फणसाची बिकण, चुलीत भाजलेली.
एकीवर माडाचा गूळ.
एकीवर सोलं, दोन उन्हं खाल्लेली.
एक बट तशीच राहिली. तिला नाव सुचेना.

शालनबाय आली ती भर दुपारी,
बसायच्या आधीच म्हणाली,
काळा कर. एकदम काळा.
सोमवारी कळंगुटच्या हॉटेलात मुलाखत.
स्टोअर सांभाळायला बाई हवी आहे.
फोनवर वय विचारलं नाही त्यांनी,
पण डोळे असतीलच ना त्यांना.

मी तिचं मनगट खिडकीशी धरलं.
शिरा हिरव्या. निळ्या नव्हेत.
पांढरा टॉवेल गळ्याशी लावला, चेहरा विझला.
मग माझीच ओढणी काढून लावली, हळदीत गेरू मिसळावा तशी,
आणि गालांना आतून ऊन आलं,
कापणीला आलेल्या भाताला
आश्विनात येतं तसं.
बाय, तुझा वर्ण शरदाचा, मी म्हटलं.
काळा लावलास तर मतदार कार्डावरचा फोटो होशील.
डोळ्यांखालचं सगळं वर येईल.
जांभळट तर नकोच, ओठ आजारी दिसतात.
तुला उबेतलं काहीतरी. तांब्याकडचं.

ती गप्प. मग म्हणाली,
पंधरा वर्षांची असल्यासारखं बोलतेस माझ्याशी.
आणि हसली, थोडंसं, दातांवर हात ठेवून.

एकवीस वर्षं ती खाणीच्या काट्यावर होती.
ट्रक चढायचा, आकडा थरथरायचा,
थांबला की ती लिहायची.
डोक्याला रुमाल, रुमालावर पदर,
तरी संध्याकाळी भांगात लाल रेघ, कुंकू न लावता.
शिकेकाई झाली, रिठा झाला,
शेवटी कपड्यांचा साबण.
न्हाणीतून मोरीपर्यंत लाल पाणी,
मोरीतून अळवापर्यंत.
मग खाण बंद पडली
आणि केस पांढरे दिसायला लागले.
होते कधीपासून, कोण जाणे.

कार्डावर तिचं बोट फिरत होतं.
बिकणीवर थांबलं, गुळावर रेंगाळलं,
सोलांना ओलांडून गेलं
आणि त्या बिननावाच्या बटेवर टेकलं.
हिला चिठ्ठी का नाही?
सुचलं नाही, मी म्हटलं.
तिनं कार्ड उजेडाकडे तिरपं केलं.
अगो, हा तर माझाच.

कानांवर व्हॅसलीन, कपाळावर व्हॅसलीन.
आधी मुळांना लावलं, पांढरे हट्टी असतात,
पस्तीस मिनिटं.
मधे वीज गेली. अनिशानं वर्तमानपत्रानं वारा घातला.
आमोणीच्या सुनेचं बाळंतपण
आणि कदंबा बसचं नवं वेळापत्रक
एवढंच बोलणं झालं.

बेसिनमध्ये डोकं धुताना
तिनं एकदम मान उचलली.
पाणी बघू दे.
फेसातून लाल धार जाळीकडे चालली होती.
बघत राहिली. ब्लाउजची पाठ भिजली, तरी.
फुकट मिळत होता गो, म्हणाली,
तेव्हा मी घासून घासून काढला.
आता साडेआठशे रुपये.

कपाळावर एक डाग राहिला,
खोबरेल चोळून काढला. सगळा नाही निघाला.
किती दिवस टिकेल?
सहा आठवडे. ऊन टाळलंस तर.
धूळ जास्त टिकायची, म्हणाली,
पाच-पाचच्या नोटा मोजून ठेवल्या
आणि साडेचारच्या बससाठी
जिना उतरताना भिंतीला हात न लावता गेली.

रात्री चिठ्ठी कापली. आधी लिहिलं, धूळ.
खोडलं. पैसे देऊन धूळ कोण घेईल?
जांभा लिहिलं. तेही खोडलं.

परवा साखळीची एक पोर
कार्डावर बोट ठेवून विचारत होती,
ही शालन म्हणजे काय?
फळ की लाकूड?